शॉर्ट आहे, पण कुठे? डीसी सप्लाय, मदरबोर्ड आणि अनुमानाची एक परीक्षा

मागच्या दोन व्याख्यानांत आपण अनुमान म्हणजे काय, व्याप्ती म्हणजे काय, हे पाहिलं. त्यानंतर तुमच्यापैकी काहींची तक्रार आली की पर्वत, धूर आणि अग्नी हे उदाहरण ऐकून कान किटले. आता रोजच्या जगण्यातलं काहीतरी द्या. तक्रार रास्त आहे. म्हणून आज आम्ही उदाहरण टेबलावरच मांडलं आहे. हा लॅपटॉपचा मदरबोर्ड, हा मल्टिमीटर, आणि ही दोन नॉबची व दोन आकड्यांची पेटी, जिला दुरुस्ती करणारे नुसतं ‘डीसी सप्लाय’ म्हणतात.

तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा आणि सोल्डरिंगचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. निवृत्तीनंतर आम्हाला हा नाद लागला, एवढंच खरं उत्तर. हात थोडा कापतो, भिंगाशिवाय काही दिसत नाही, तरी लागला. पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्ल्या आहेत. तिथे एका माडीवर लॅपटॉप दुरुस्त करणारा एक तरुण आम्हाला शिकवतो. तो आम्हाला सर म्हणतो, आम्ही त्याला गुरू मानतो. दोघांचंही बरं चाललंय.

आजचा प्रश्न असा: बोर्डावर शॉर्ट आहे हे कळणं सोपं असतं. तो कुठे आहे हे कळणं अवघड. आणि शोधता शोधता बोर्ड मारून न टाकणं, हे त्याहून अवघड. या तिसऱ्या गोष्टीची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे. ते पुढे सांगू.

बीप काय सांगतो

लॅपटॉपच्या बोर्डावर वीज एका मोठ्या लाइनने येते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही लाइन १९ व्होल्टच्या आसपास असते. तिच्यातून पुढे लहान लाइनी तयार होतात: ५ व्होल्टची, ३.३ व्होल्टची, मेमरीची एक-सव्वा व्होल्टची, प्रोसेसरची साधारण एक व्होल्टची. प्रत्येक लाइन आणि ग्राउंड यांच्यामध्ये जागोजागी छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. शाळेच्या पुस्तकात आपण यांना धारित्र म्हणत होतो. लाइनीवरचं व्होल्टेज क्षणभर खालीवर झालं तर ते सावरून धरणं, हे त्यांचं काम. तांदळाच्या दाण्याहून लहान, मातकट रंगाचे, अंगावर काहीही न लिहिलेले. एका बोर्डावर असे शेकड्यांनी असतात.

आतून हा कपॅसिटर म्हणजे सिरॅमिक आणि धातू यांचे अतिशय पातळ थर, एकाआड एक रचलेले. धातूचे थर एकमेकांना शिवत नाहीत तोवर सगळं ठीक. लॅपटॉप पडला, बोर्ड वाकला, एखादा स्क्रू जास्त आवळला गेला, की सिरॅमिकला तडा जाऊ शकतो. त्या तड्यातून दोन बाजूंच्या धातूची गाठ पडली, की लाइन थेट ग्राउंडला मिळते. झाला शॉर्ट. सगळे शॉर्ट कपॅसिटरमुळेच होतात असं नाही, मॉस्फेट जातात, आयसी जातात, पाणी सांडतं; पण कपॅसिटर हा नेहमीचा संशयित.

आता गंमत बघा. मीटर बीपवर ठेवला. एक काडी ग्राउंडला लावली, दुसरी एका कपॅसिटरच्या लाइनीकडच्या टोकाला. बीप वाजला. शेजारच्या कपॅसिटरला लावली. बीप. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाच्या कपॅसिटरला लावली. तरी बीप. त्या लाइनीवर चाळीस कपॅसिटर असतील तर चाळीसही वेळा बीप वाजणार. कारण सगळ्यांचं एक टोक त्याच लाइनीला आणि दुसरं त्याच ग्राउंडला जोडलेलं आहे. एकाने दोघांना एकत्र केलं की सगळ्यांच्या अंगावर तेच लक्षण दिसतं.

आमच्या गुरूने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “सर, मीटर फक्त बोंब मारतो की वाड्यात चोर शिरलाय. कुठल्या खोलीत, ते नाही सांगत.”

आणि कधीकधी तो उगाचच बोंब मारतो. रोध काही ओहमांच्या किंवा काही दशक ओहमांच्या खाली गेला की मीटर वाजतो. प्रत्येक मीटरची रेघ वेगळी. प्रोसेसरच्या लाइनीचा रोध मुळातच फार कमी असतो. चांगल्या, चालू बोर्डावरही तिथे बीप वाजतो. नवशिका माणूस तिथेच फसतो आणि धडधाकट प्रोसेसरला मेलेला ठरवतो. म्हणून बीप ऐकून थांबायचं नाही, ओहमचा आकडा वाचायचा, आणि जमलं तर तसल्याच चांगल्या बोर्डाशी ताडून बघायचा.

आकडा वाचूनही जागा का कळत नाही? हिशेब करू. मीटर रोध मोजताना फार थोडा करंट सोडतो, फार तर एखादा मिलिअँपिअर. शॉर्टचा रोध समजा ५ मिलिओहम आहे. तर त्याच्यावर पडणारं व्होल्टेज झालं ५ मायक्रोव्होल्ट. साध्या मीटरला ते दिसतच नाही. उलट मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध ०.१ ते ०.३ ओहम असतो, म्हणजे ज्याला शोधायचं त्याच्या कितीतरी पट. पाच मिलिओहम आणि आठ मिलिओहम यांतला फरक त्याच्या दृष्टीने नाहीच. आणि शॉर्टची जागा कळते ती नेमकी त्या फरकावरून.

आता त्याच शॉर्टमधून मीटरऐवजी सप्लायने २ अँपिअर सोडले तर? व्होल्टेज झालं १० मिलिव्होल्ट. दोन हजार पट. हे अगदी स्वस्तातल्या मीटरलाही वाचता येतं. डीसी सप्लाय इथे बोर्डाला चालवण्यासाठी जोडलेला नाही, त्याला प्रश्न विचारण्यासाठी जोडलेला आहे. आता प्रश्न किती जोरात विचारायचा, हे दोन नॉब ठरवतात.

दोन नॉब, दोन मर्यादा

एक नॉब व्होल्टेजचा, दुसरा करंटचा. नव्या माणसाला वाटतं की नॉब ३ अँपिअरवर ठेवला म्हणजे ३ अँपिअर वाहणारच. तसं नाही. दोन्ही नॉब ‘याच्या वर जायचं नाही’ एवढंच सांगतात. जी मर्यादा आधी गाठली जाईल, तिथे सप्लाय थांबतो. काहीच जोडलेलं नसताना व्होल्टेजची मर्यादा लागू असते. पेटीवर सीव्ही असा दिवा लागतो. शॉर्टला जोडलं की करंट झरकन वाढतो, आपल्या मर्यादेला टेकतो, सीसी दिवा लागतो, आणि व्होल्टेज आपोआप खाली येतं. किती खाली? करंट गुणिले रोध, तेवढंच उरतं. १८२७ साली जॉर्ज ओहमने मांडलेला हाच नियम.

शॉर्ट ०.१ ओहमचा आणि करंट १ अँपिअर असेल तर ०.१ व्होल्ट. आणि उष्णता? ती करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे जेम्स जूलने १८४१ मध्ये दाखवलं. १ अँपिअरला ०.१ वॉट, पण ३ अँपिअरला ०.९ वॉट. तांदळाच्या दाण्याहून लहान वस्तूत ०.९ वॉट म्हणजे चटका बसेल इतकं. करंट तिप्पट केला, उष्णता नऊपट झाली. म्हणून तो हळूहळू वाढवायचा: अर्धा, एक, दोन.

नॉब लावायची रीत अशी. आधी तारा मोकळ्या ठेवून व्होल्टेज लावायचं. मग दोन्ही चिमटे एकमेकांना जोडून करंटची मर्यादा लावायची. मग आउटपुट बंद करायचं, लाल चिमटा लाइनीला, काळा ग्राउंडला जोडायचा, आणि त्यानंतरच आउटपुट चालू करायचं. चालू सप्लाय तसाच टेकवला तर त्याच्या पोटातल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज, मर्यादा जागी होण्याच्या आतच, एका झटक्यात बोर्डात ओतली जाते.

आणि व्होल्टेज किती लावायचं? त्या लाइनीचं जे नेहमीचं व्होल्टेज, त्याच्या वर कधीच नाही. सुरुवात तर त्याच्या बरीच खाली. लाइन १९ व्होल्टची असली तरी आम्ही १ व्होल्टपासून सुरुवात करतो. का, ते आता आमच्याच चुकीतून सांगतो.

आमची चूक

तीन वर्षांपूर्वी आमचा स्वतःचा लॅपटॉप बंद पडला. तपासल्यावर ३.३ व्होल्टच्या लाइनीवर शॉर्ट निघाला. आम्ही नुकतंच शिकलो होतो, अंगात उत्साह होता. १ अँपिअरवर काही गरम होईना. २ वर होईना. रात्रीचे अकरा वाजलेले. आम्ही करंट ५ अँपिअरवर नेला आणि व्होल्टेजचा नॉब १२ वर.

आमचा युक्तिवाद असा होता: पेटीवर आकडा ०.४ व्होल्टचा दिसतोय. म्हणजे बोर्डावर ०.४ च व्होल्ट आहेत. नॉब १२ वर असला म्हणून काय बिघडलं? करंटची मर्यादा आहे ना राखणीला.

युक्तिवाद बरोबर होता, त्या क्षणापुरता. मग फट्ट असा बारीक आवाज आला. शॉर्ट झालेला कपॅसिटर जळून उडाला, आणि त्याच्याबरोबर शॉर्टही गेला. आता करंटला अडवून धरायचं कारण उरलं नाही. सप्लायने आपलं काम चोख केलं: करंट मर्यादेखाली आला, तेव्हा तो व्होल्टेजच्या मर्यादेपर्यंत गेला. पेटीवर १२ चा आकडा दिसला. ३.३ व्होल्टवर जगणाऱ्या सगळ्या चिपांना १२ व्होल्ट मिळाले.

त्यांतली एक एसएसडी होती. आम्ही ती काढून ठेवली नव्हती. तिच्यात नऊ वर्षांची टिपणं होती, अनुमानावरच्या एका पुस्तकासाठी केलेली. प्रत दुसरीकडे कुठेही नव्हती. ते पुस्तक आता होणार नाही. या व्याख्यानमालेत जे थोडंफार सांगतो, ते आठवणीतलं आहे.

गुरू काही बोलला नाही. बोर्ड उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, “सर, करंटचा नॉब शॉर्ट असताना राखतो. व्होल्टेजचा नॉब शॉर्ट गेल्यावर राखतो.”

आम्ही पस्तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, पण हे वाक्य आम्हाला सुचलं नव्हतं. आपण मर्यादा घालतो ती समोर दिसणाऱ्या परिस्थितीला. आपल्या कृतीने ती परिस्थितीच बदलली तर पुढच्या क्षणी काय होईल, याचीही मर्यादा आधीच घालून ठेवावी लागते.

तेव्हापासूनचा नेम: सप्लाय लावण्यापूर्वी अडॅप्टर, बॅटरी, मेमरी आणि एसएसडी काढून बाजूला. १९ व्होल्टच्या लाइनीवर काम असेल तर ती लाइन प्रोसेसरच्या कॉइलशी मिळालेली नाही ना, हे आधी मीटरने बघायचं. मधला वरच्या बाजूचा मॉस्फेट शॉर्ट झालेला असेल, तर १९ च्या लाइनीत घातलेलं व्होल्टेज सरळ प्रोसेसरमध्ये जातं, आणि तो एक व्होल्टचा प्राणी आहे.

उष्णता बघायची कशी

करंट सोडला, शॉर्टची जागा तापली. ती ओळखायचे साधे उपाय आहेत. पहिला उपाय बोट. पण करंट कमी असतानाच, आणि टेकवून न ठेवता. दुसरा, आयसोप्रोपिल अल्कोहोल: संशयाच्या भागावर पातळ थर द्यायचा आणि कुठे आधी सुकतो ते बघायचं. हे द्रव पेट घेतं; खिडकी उघडी हवी, जवळ ठिणगी नको, आणि करंट बेताचाच हवा. तिसरा, दुकानातल्या बिलाचा कागद. तो उष्णतेने काळा पडणारा असतो. बोर्डावर दाबून धरला तर तापलेल्या जागी ठिपका उमटतो. चौथा, थर्मल कॅमेरा. महाग, पण झटपट. त्यालाही चकवा बसतो: चकचकीत धातू तापलेला असला तरी कॅमेऱ्याला थंड दिसतो, कारण तो उष्णता कमी उत्सर्जित करतो आणि आजूबाजूचंच प्रतिबिंब दाखवतो. प्रत्यक्षालाही भ्रम होतो, हे आपण पहिल्या व्याख्यानात पाहिलंच आहे.

बऱ्याच वेळा काम इथेच संपतं. एक कपॅसिटर चटके देतो, तो काढला की शॉर्ट जातो. पण ‘जो तापला तो दोषी’ हे अनुमान कितपत पक्कं आहे?

आता नाइलाज आहे, धुराकडे यावंच लागेल. नैयायिक सांगतात की धुरावरून अग्नीचं अनुमान करता येतं, पण अग्नीवरून धुराचं नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या: अग्नी आहे, धूर नाही. अग्नीपासून धूर निघायला ओल्या सरपणाची जोड लागते. या लपलेल्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. उपाधी दडलेली असली की अनुमान वरून ठाकठीक दिसतं आणि आतून पोकळ असतं.

आपल्या बोर्डावर हेच होतं. उष्णता शॉर्टची म्हणून निर्माण होत नाही. करंटच्या वाटेवर जिथे जिथे रोध आहे, तिथे तिथे ती निर्माण होते. सप्लायच्या तारेत, चिमट्याच्या टोकाशी, तांब्याच्या अरुंद पट्टीत, सगळीकडे. शॉर्ट हा वाटेतला सर्वांत मोठा रोध असेल तरच तो ठळकपणे तापेल. ‘असेल तरच’ ही उपाधी. आणि शॉर्ट जितका पक्का, तितका त्याचा रोध कमी, तितका तो कमी तापणार! सगळ्यात घट्ट बसलेला चोर सगळ्यात थंड.

मावशींच्या मुलीचा लॅपटॉप

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची मुलगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. हप्त्यांवर घेतलेला जुना लॅपटॉप, हप्ते अजून चालू, परीक्षा महिन्यावर. तो पडला आणि बंद झाला. अडॅप्टर लावला की अडॅप्टरचाच दिवा विझायचा. एका दुकानाने बोर्ड बदलायचे चौदा हजार सांगितले. मावशी म्हणाल्या, “सर, बघा काही जमतंय का. नाही जमलं तर राहू दे.” त्या ‘राहू दे’ने आमची झोप उडाली. आमचा बोर्ड मारला तेव्हा नुकसान आमचं होतं. हा बोर्ड दुसऱ्याचा होता.

सगळं काढून ठेवलं. १९ च्या लाइनीवर मीटरने ०.२ ओहम दाखवले. काड्या एकमेकींना टेकवल्या तरी ०.२. म्हणजे पक्का शॉर्ट. प्रोसेसरची कॉइल वेगळी आहे, हे पाहून घेतलं. लाइनीच्या तोंडाशी एक बारीक तार सोल्डर केली. १ व्होल्ट, १ अँपिअर. काही नाही. २ अँपिअर. काही नाही. बोर्ड घेऊन माडीवर गेलो, गुरूच्या देखरेखीखाली ४ अँपिअर केले आणि त्याचा कॅमेरा लावला.

दोन उजळ ठिपके दिसले. एक आमचीच बारीक तार. दुसरा, तिच्याशेजारचा एक चपटा रोधक. त्यावर आर०१० लिहिलेलं असतं, म्हणजे ०.०१ ओहम, बोर्डात किती करंट शिरतोय ते मोजायला तो बसवलेला असतो. आम्ही लगेच बोट ठेवलं: हाच.

“सर, हा दारावरचा वॉचमन आहे,” गुरू म्हणाला. “सगळी गर्दी त्याच्यासमोरून जाते म्हणून त्याला घाम फुटलाय.”

“काढून बघू का? काढल्यावर शॉर्ट गेला तर कळेलच.”

“काढा की. करंट बंद होईल. आणि तुम्ही खूश व्हाल.”

हे ऐकून आम्ही सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. तो रोधक करंटच्या वाटेतच बसलेला आहे. तो काढला म्हणजे वाट तुटली. सप्लायवर करंट शून्य दिसेल, आणि शॉर्ट मात्र पलीकडे सुखरूप बसलेला असेल. आपण ज्याला व्यतिरेक म्हणतो, म्हणजे ‘हे नसताना ते नसतं’, त्याचा हा साक्षात फसवा पुरावा. चोर काढला तरी चोरी थांबते, रस्ता उखडला तरी थांबते.

मग मिलिव्होल्टची पद्धत. करंट परत २ अँपिअरवर आणला. उष्णतेचा नाद सोडून मीटर मिलिव्होल्टवर ठेवला आणि प्रत्येक कपॅसिटरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजत निघालो. कल्पना सोपी आहे. करंट जिथून शिरतो तिथे व्होल्टेज जास्त. शॉर्टकडे जाताना तांब्याच्या प्रत्येक तुकड्यात थोडं थोडं गळतं. शॉर्टपाशी सगळ्यात कमी उरतं. तांब्याचा रोध नगण्य असतो असं आपण म्हणतो, पण तो शून्य नसतो. बोर्डावरचा ३५ मायक्रॉन जाडीचा तांब्याचा थर चौरस तुकड्याला साधारण अर्धा मिलिओहम रोध देतो. २ अँपिअरला दर चौरसामागे एक मिलिव्होल्ट. तेवढ्यावर माग काढता येतो.

रोधकाच्या अलीकडे ३८ मिलिव्होल्ट, पलीकडे १८. वीस मिलिव्होल्ट एकट्या वॉचमनने खाल्ले. २ अँपिअर गुणिले ०.०१ ओहम, हिशेब चोख. पुढे १६. मग १३ आणि थोडं. मग ११. पंख्याच्या बाजूला, स्क्रूच्या भोकाशेजारी एक कपॅसिटर होता, त्यावर १०.२. त्याच्या पुढे गेलो तर आकडा कमी होईना. काही ठिकाणी किंचित वाढला. परत मागे आलो. १०.२.

भिंगातून त्याच्यावर तडा दिसला नाही. तो गरमही फारसा नव्हता. दिसायला शेजाऱ्यांसारखाच. पण जागा स्क्रूच्या भोकाजवळची, बोर्ड पडल्यावर वाकतो तिथली. दोन वेगवेगळ्या साक्षी एकाच दाराकडे बोट दाखवत होत्या. हॉट एअरने तो उचलला आणि रोधकाच्या दोन्ही बाजूंनी मोजलं. दोन्हीकडे मीटर किलोओहमवर गेला. वाट शाबूत आणि शॉर्ट नाही. हा खरा व्यतिरेक.

मग सप्लाय १९ व्होल्टवर, मर्यादा अर्ध्या अँपिअरची. करंट ०.०२ वर शांत उभा. मेमरी, एसएसडी परत बसवली, तिचाच अडॅप्टर लावला, बटण दाबलं. पंखा फिरला.

रिकाम्या जागी कपॅसिटर कुठला लावायचा? अंगावर काही लिहिलेलं नसतं, त्यामुळे डब्यातला कुठलाही उचलून चालत नाही. किती व्होल्ट सोसेल ते माहीत हवं. आमच्याकडे एक मेलेला बोर्ड होता. त्याच्या १९ च्या लाइनीवरचा, त्याच कामाचा आणि त्याच आकाराचा कपॅसिटर आम्ही काढला, मोजून पाहिला आणि इथे लावला.

एक प्रश्न

मध्यंतरात एका श्रोत्याने विचारलं: एवढा खटाटोप कशाला? भरपूर करंट सोडून शॉर्ट जाळूनच टाकला तर?

काही जण तसं करतात, आणि कधीकधी बोर्ड चालूही होतो. पण काय जळलं हे आपल्याला कळत नाही. कपॅसिटर जळाला असेल, किंवा बोर्डाच्या आतल्या थरातली तांब्याची पट्टी. अर्धवट जळालेला तुकडा महिन्याभराने पुन्हा शॉर्ट देऊ शकतो. आणि शॉर्ट सुटल्या क्षणी काय होतं, ते आम्ही बाराच्या आकड्यावर पाहिलं आहे. लक्षण गेलं म्हणजे कारण कळलं असं होत नाही. दुरुस्तीचं राहू द्या, ज्ञान तरी झालेलं नसतं.

तर आज घरी नेण्यासारखं थोडकं. बीप दोष आहे एवढंच सांगतो, तेही कधी चुकीचं. जागा कळायची तर बोर्डाला प्रश्न विचारावा लागतो, आणि तो अशा बेताने विचारावा लागतो की विचारण्यानेच तो मरू नये. पहिलं उत्तर उष्णतेचं येतं. त्याची उपाधी तपासावी. तापलेल्याने वाट दिली की त्याने चोरी केली, हे मिलिव्होल्टने पाहावं. काढल्यावर शॉर्ट गेला तर वाट शाबूत आहे ना, हे दोन्ही बाजूंनी मोजावं. मग म्हणावं, सापडला.

पुढच्या वेळी उपाधीबद्दलच सविस्तर बोलू. मधल्या काळात बोर्ड उघडा न उघडा, एक काम मात्र आज रात्रीच करा. जे लिहून ठेवलं आहे, त्याची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा. नमस्कार.